कुणाची रजा, कुणाचा खाडा

१३ मे २०२४ला सकाळी आम्ही आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मतदानाला नेलं. कडावात आमच्या घरापासून शाळा लांब नाही, पण आजी ८३ वर्षांची आणि दोन्ही गुडघे गेलेले. खुर्चीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ. वाटेत दोनदा खुर्ची खाली ठेवली. रांगेतल्या लोकांनी तिला पुढे जाऊ दिलं. तिने बटण दाबलं, शाई लावलेलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि परत येताना विचारलं, "वरच्या आळीतल्या म्हातारीकडे सरकार घरी आलं होतं म्हणे मत घ्यायला. मग माझ्याकडे का नाय आलं?"

"ती ८८ वर्षांची आहे आजी. नियम ८५च्या वरच्यांना आहे."

"म्हणजे मी तरणी!" आजी म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही, कारण नियम काही वर्षांपूर्वी ८०चा होता एवढं मला अर्धवट आठवत होतं.

त्या दिवशी आमच्या घरात अजून एक माणूस नव्हता. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांना पनवेलला निवडणुकीची ड्युटी होती. आणि माझ्या प्राथमिक शाळेतला एक मित्र, आमच्या जवळच्याच कातकरी वाडीतला, बायको-मुलांसकट वीटभट्टीवर होता. आजीने खुर्चीत बसून मत दिलं. बाबांनी पनवेलला दिलं. वरच्या आळीतल्या म्हातारीने चार दिवस आधी घरी बसून दिलं. मित्राने दिलं नाही.

मजुरीवर जाणाऱ्या माणसाला रजा आणि खाडा यांतला फरक सांगावा लागत नाही. पगार चालू राहून मिळते ती रजा. पगार बुडून पडतो तो खाडा. माणूस दोन्ही वेळा गैरहजरच असतो. फरक एवढाच, की एक गैरहजेरी वरच्याला मान्य असते. मतदानाच्या आपल्या नियमांचा इतिहास मी वाचायला घेतला तेव्हा तो मला याच हिशेबाचा वाटला. आपल्या मतदान केंद्रावर त्या दिवशी हजर नसलेल्या कुणाकुणाला सरकारने रजा दिली, आणि कुणाचा खाडा धरला?

सुरुवात पहिल्या निवडणुकीपासून करू. ती २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी जवळपास चार महिने चालली. सगळ्यात आधी मतदान झालं ते हिमाचलातल्या चिनी भागात, कारण थोडं थांबलं असतं तर बर्फाने रस्ते बंद झाले असते. म्हणजे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळातच आयोगाला हे नीट माहीत होतं, की मतदाराला केंद्रावर येता येईल की नाही हे तारखेवरही अवलंबून असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच काळातल्या कायद्याने काही गैरहजेऱ्या मान्य केल्या. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६०वं कलम यासाठीच आहे. सैन्यातला जवान सीमेवर आहे, तो गावी येणार नाही, म्हणून त्याला टपालाने मत देता येईल. परदेशातल्या वकिलातीत नेमलेला सरकारी अधिकारी, त्यालाही. जवानाबरोबर राहणाऱ्या बायकोलाही. इथे कायद्यात शब्दच 'पत्नी' असा होता. सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्याच्या नवऱ्याला ही सोय नव्हती. तो शब्द बदलून 'जोडीदार' व्हायला २०२१ची दुरुस्ती यावी लागली.

अजून एक गट आहे, आणि तो चकित करणारा आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेला माणूस, म्हणजे गुन्हा करेल अशा संशयाने सरकारने आधीच डांबून ठेवलेला माणूस, टपालाने मत देऊ शकतो. पण साध्या चोरीच्या आरोपाखाली जामिनाला पैसे नाहीत म्हणून तुरुंगात पडलेला कच्चा कैदी देऊ शकत नाही. कलम ६२ (५) त्याला थेट मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये ती मनाई वैध ठरवली.

मग निवडणुकीच्या कामावरचे लोक. १९६१च्या निवडणूक नियमांत त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर प्रमाणपत्र घ्यायचं आणि ड्युटीच्या केंद्रावरच मत द्यायचं. मतदारसंघाबाहेर असेल तर टपाली मतपत्रिका. आमच्या भागात याची मजा होते. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यात, पण लोकसभेला तो मावळमध्ये जातो. पनवेल, कर्जत, उरण हे रायगडचे तीन विधानसभा मतदारसंघ आणि घाटावरचे मावळ, चिंचवड, पिंपरी मिळून ही लोकसभा होते. त्यामुळे २०२४मध्ये एकाच जिल्ह्यातल्या अलिबागने ७ मेला मत दिलं आणि कडावने १३ मेला. बाबा मे महिन्यात पनवेलला होते, पण लोकसभेसाठी पनवेल आणि कडाव एकच मतदारसंघ, म्हणून त्यांनी प्रमाणपत्र दाखवून तिथल्याच यंत्रावर बटण दाबलं. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला ड्युटी पुन्हा पनवेललाच लागली. माणूस तोच, काम तेच, गाव तेच, पण आता पनवेल 'बाहेरचा' मतदारसंघ झाला. म्हणून त्यांना आधीच सुविधा केंद्रात जाऊन मतपत्रिकेवर मत द्यावं लागलं.

हे सुविधा केंद्र प्रकरण अलीकडचं. पूर्वी टपाली मतपत्रिका घरी घेऊन जाता यायची. बाबा सांगतात, पाकिटात पाकीट, त्यात घोषणापत्र, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. सही राहिली की मत बाद. शिवाय मतपत्रिका मतमोजणीच्या सकाळपर्यंत हातात असायची. एवढ्या दिवसांत कुणी दबाव आणला, कुणी पैसे दाखवले, तर? या कारणाने २०२३मध्ये नियम बदलला. आता ड्युटीवरच्या मतदाराने सुविधा केंद्रातच यायचं, तिथेच आडोशाला शिक्का किंवा खूण करायची आणि तिथल्याच पेटीत टाकायची. गैरहजर माणसाचं मतदानही असं पुन्हा हजेरीकडे आलं. घरी बसून पाकीट पाठवू नका, मतदानाच्या आधी एक दिवस काढून स्वतः या.

या काळात बाकीच्या वाटाही रुंदावत गेल्या. २००३मध्ये सैन्यातल्या मतदारांना प्रतिनिधीमार्फत मत देण्याची मुभा मिळाली. गावातला भाऊ स्वतःचं मत देतो आणि सीमेवरच्या भावाचंही देतो. दुसऱ्या मतासाठी शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते. २०१६मध्ये जवानांना मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवणं सुरू झालं. त्यामुळे ती पोचायला आठवडे लागणं थांबलं. काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडलेल्या पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रं असतात. तिथे बसून ते आपल्या मूळ मतदारसंघासाठी मत देतात. २०२४च्या एप्रिलमध्ये जम्मू आणि उधमपूरमधल्या पंडितांसाठी तर फॉर्म भरायची अटही काढून टाकली. म्हणजे दूर बसून, स्वतः जाऊन, आपल्या गावाच्या निवडणुकीत मत देणं भारतात होऊ शकतं. होत आलंय.

आता आजीकडे येतो, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एक तारीख सापडली.

८० वर्षांवरच्या आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांना 'अनुपस्थित मतदार' मानून टपाली मताचा हक्क देणारी दुरुस्ती झाली २२ ऑक्टोबर २०१९ला. महाराष्ट्राने विधानसभेसाठी मत दिलं होतं २१ ऑक्टोबर २०१९ला. एक दिवस आधी! पुढे करोना आला. जून २०२०मध्ये वय ६५वर आणलं गेलं. विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, आणि इतक्या मोठ्या संख्येला पुरं पडणं अवघड म्हणून जुलैमध्ये आयोगाने बिहारसाठी ते लागू न करण्याचं ठरवलं. व्यवहारात ८०च राहिलं. २०२३च्या फेब्रुवारीत चिंचवडची पोटनिवडणूक झाली तेव्हा नियम ८०चाच होता. चिंचवड आमच्याच लोकसभा मतदारसंघात, पण घाटावर. आणि १ मार्च २०२४ला, लोकसभेचं वेळापत्रक जाहीर व्हायच्या १५ दिवस आधी, वय ८० वरून ८५ झालं. कारण असं दिलं गेलं, की ८० वर्षांवरच्यांपैकी फार थोडेच घरून मत देतात, बाकीच्यांना केंद्रावर यायला आवडतं.

म्हणजे कडावच्या ८० ते ८४ वयाच्या म्हाताऱ्यांसाठी हा हक्क दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मधल्या काळात जन्मला आणि त्याच काळात संपला. त्यांनी तो कधी वापरलाच नाही. आजीकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र असतं तर दुसऱ्या दारातून जाता आलं असतं, पण गुडघे दुखतात म्हणून प्रमाणपत्र काढायचं असतं हे तिला किंवा आम्हाला सुचलंच नव्हतं.

ज्यांना हक्क होता त्यांचं काम चोख झालं. वरच्या आळीत दोन कर्मचारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा असे सगळे आले. त्यासाठी नमुना १२-ड आधीच भरून द्यावा लागतो. पहिल्या फेरीला माणूस घरी नसेल तर दुसरी फेरी होते, तिसरी होत नाही. आणि एकदा घरून मत द्यायचं ठरवलं की केंद्रावर जाता येत नाही. म्हातारीने पुठ्ठ्याच्या आडोशामागे खूण केली, पाकीट बंद केलं. मला हे ऐकून खरंच बरं वाटलं. एका मतासाठी एवढी माणसं एका उंबऱ्यापर्यंत येतात, ही छोटी गोष्ट नाही.

याच नियमांत अत्यावश्यक सेवांचाही गट आहे. रेल्वे, आरोग्य, निवडणुकीचं वार्तांकन करणारे पत्रकार अशा अधिसूचित कामांवर त्या दिवशी असणाऱ्यांना आधीच्या तीन दिवसांत टपाली मतदान केंद्रावर जाऊन मत देता येतं. कर्जत हे रेल्वेचं गाव, बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना इथे मागून इंजिन लागतं. त्या माणसांना मतदानाच्या दिवशी घाट सोडून येता येणार नाही, हे सरकारला पटतं. पटायलाच हवं.

मग वीटभट्टी?

कातकरी हे नाव कातावरून आलं. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा धंदा. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगल हातातून गेलं, तसा कातही गेला. मग कोळसा पाडणं आलं, मग विटा. कल्याण, पनवेल, नवी मुंबई, पुणे या शहरांच्या भिंतींत या वाड्यांचे हात आहेत. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळी आटोपली की घराला कडी लावून अख्खं कुटुंब भट्टीवर, आणि परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने वाडीत म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

कायदा या माणसाला गावाचा मतदार मानतो का? मानतो. १९५०च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की तात्पुरतं बाहेर गेल्याने कुणी आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. त्यामुळे माझ्या मित्राचं नाव यादीत आहे, फोटोसकट. तो एवढी वर्षं यादीत हजर आहे आणि केंद्रावर गैरहजर.

त्याला सुट्टी मिळते का? तीही कायद्याने मिळते. कलम १३५-बी म्हणतं, की कामावरच्या प्रत्येक मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्या, रोजंदारीवाल्यालाही द्या. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहे. ज्याच्या गैरहजेरीने कामाला धोका किंवा मोठं नुकसान होईल, त्याला हे लागू नाही. पेटलेल्या भट्टीचा मालक या वाक्याचा काय अर्थ काढेल ते सांगायला वकील नको. शिवाय विटांची मजुरी दिवसावर नसते, हजार विटांमागे असते. विटा पडल्या नाहीत तर पगारी सुट्टीचा पगार काढायचा कशावरून?

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये मी मित्राला फोन केला होता. "येतोस का मताला?"

"येऊन काय करू? एक दिवस मताचा, एक यायचा, एक जायचा. तीन दिवसांचा खाडा, आणि गाडीभाडं वेगळं. उचल फिटली नाय तर पावसात परत त्याच्याकडेच हात पसरायचा." मग थोडं थांबून म्हणाला, "मागच्या वेळी आमदारकीला दिलं होतं की मी मत. तेव्हा दिवाळी व्हायची होती."

फोन ठेवल्यावर मी जुन्या तारखा काढल्या. २००९ची विधानसभा १३ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन १७ला. २०१४ची १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २३ला. २०१९ची २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २७ला. सलग तीन वेळा मतदान दिवाळीच्या आधी, म्हणजे वाड्या भरलेल्या असताना. २०२४ची मात्र २० नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन होऊन जवळपास तीन आठवडे झाल्यावर.

ही तारीख कुणी कातकऱ्यांना टाळायला ठरवली असं मी अजिबात म्हणत नाही. कारण वेगळंच आहे आणि ते सगळ्यांना आठवत असेल. २०१९च्या निकालानंतर महिनाभर सरकार बनेना, पहाटेचा शपथविधी झाला, तो मोडला, आणि विधानसभेची पहिली बैठक २७ नोव्हेंबरला भरली. विधानसभेची पाच वर्षं पहिल्या बैठकीपासून मोजतात. त्यामुळे मुदत २६ नोव्हेंबर २०२४पर्यंत गेली आणि निवडणूक दिवाळीपलीकडे नेता आली. मुंबईतल्या त्या महिनाभराच्या नाट्याने पाच वर्षांनी आमच्या वाडीतल्या माणसांचं मतदान गेलं. लोकसभेचं तर विचारूच नका. ती एप्रिल-मेमध्येच येते, भट्टीच्या ऐन हंगामात.

आयोगाला हा प्रश्न माहीत नाही असंही नाही. स्थलांतरितांच्या मतदानावर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा अभ्यास २०१५चा आहे. डिसेंबर २०२२मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेऊ शकेल असं यंत्र. २०१९मध्ये सुमारे ३० कोटी लोकांनी मत दिलं नव्हतं, त्यांतले बरेच पोटासाठी बाहेर असणारे, हा त्यामागचा विचार होता. १६ जानेवारी २०२३ला पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. बहुतेक विरोधी पक्षांनी प्रश्नांची सरबत्ती केली. स्थलांतरित म्हणजे नक्की कोण? दूरच्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी कसा बसणार? आचारसंहिता दुसऱ्या राज्यात कशी चालणार? विषय तिथेच थांबला.

हे प्रश्न खोटे नाहीत. भट्टीवरच मतदान घेतलं आणि शेजारी मालक उभा राहिला, तर त्या मताला काय अर्थ? दक्षिण कोरियात २०१४पासून देशातल्या कुठल्याही आगाऊ मतदान केंद्रावर जाऊन मत देता येतं, तुमच्या मतदारसंघाची मतपत्रिका तिथल्या तिथे छापून मिळते. तिथेही आगाऊ मतांत गडबड असल्याचे आरोप गेली काही वर्षं चाललेत. थायलंडमध्ये बँकॉकात कामाला आलेली माणसं आधी नोंदणी करून मतदानाच्या आदल्या रविवारी तिथूनच आपल्या गावासाठी मत देतात. २०१४मध्ये आंदोलकांनी नेमकं हेच आगाऊ मतदान बऱ्याच ठिकाणी अडवलं होतं. सोय जितकी दूर जाते तितका विश्वास ताणला जातो.

पण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा एक जुना नियम मला फार आवडला. तिथे २०२०पर्यंत आधी जाऊन मत द्यायचं तर ठरावीक कारणांपैकी एक सांगावं लागायचं. त्या यादीत एक कारण असं होतं, की मतदानाच्या दिवशी काम आणि येण्या-जाण्यात माझे ११ किंवा जास्त तास जाणार आहेत. म्हणजे नुसतं 'मी कामावर असेन' हे कारण म्हणून चालायचं. काम सरकारी की खासगी, हा प्रश्नच नव्हता. २०२०मध्ये त्यांनी कारण विचारणंच बंद केलं.

आपल्याकडे यंत्र शोधायच्या आधी एवढं तरी करता येईल. माझा मित्र २०२४च्या मे महिन्यात ज्या भट्टीवर होता, ती पनवेल तालुक्यात होती. म्हणजे त्याच मावळ मतदारसंघात, बाबांच्या ड्युटीपासून फार लांब नाही. दोघांची उमेदवारांची यादी एकच होती. बाबांकडे ड्युटीचं प्रमाणपत्र होतं म्हणून त्यांना पनवेलच्या यंत्रावर बटण दाबता आलं. त्यासाठी नवं यंत्र लागलं नाही, पक्षांची बैठक लागली नाही. एक कागद लागला. तसाच कागद हंगामी मजुराला देता येणार नाही का? मतदारसंघाबाहेर असेल तर तालुक्याच्या गावी तीन दिवस चालणारं केंद्र आहेच, रेल्वेवाल्यांसाठी उघडतं तेच. भट्टीवर नाही, मालकासमोर नाही. आडोसा, पेटी आणि सरकारी माणूस असलेल्या खोलीत.

यासाठी फक्त एक गोष्ट मान्य करावी लागेल. पोटासाठी गाव सोडणं हेही गैरहजर राहण्याचं खरं कारण आहे. १९५१मध्ये चिनीच्या लोकांना बर्फ आडवा येतो, हे दिल्लीत बसलेल्या आयोगाने ओळखलं होतं. आमच्याकडचा भट्टीचा हंगाम त्या बर्फाइतकाच ठरलेल्या वेळी येतो आणि तितकेच महिने रस्ता बंद ठेवतो.

आजी पुढच्या लोकसभेला ८८ वर्षांची असेल. तोवर नियम परत बदलला नाही तर सरकार तिच्या दारात येईल. ती आत्ताच सांगते, "मला नको घरी. मला खुर्चीतूनच न्या, चार माणसं भेटतात." मित्राला विचारलं तर तो म्हणतो, "तारीख कधीची आहे ते सांग आधी."